परवाची फाईल

मंगळवारी सकाळची कामं उरकून शुद्धीने खोलीची खिडकी लावली, पडदा ओढून घेतला आणि नव्या कॉम्प्युटरसमोर बाह्या सरसावून बसली. काम तसं साधं होतं. निदान आतेभावाने फोनवर साधं म्हणून सांगितलं होतं. आतेभावाचं 'साधं' कसं असतं हे चांगलं ठाऊक असूनही ती त्याच्या बोलण्याला भुलली होती.

शुद्धी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून दुसऱ्यांच्या वह्यांमधले काने आणि वेलांट्या दुरुस्त करायची तिला खोड. पुढे तोच धंदा झाला. छापायला जाणारी पुस्तकं तिच्याकडे यायची आणि लाल खुणांनी भरून परत जायची. नाव मोठ्या भावाने पाडलेलं. ती चिडली की दादा म्हणायचा, "शुद्धी, शुद्धीवर ये." विनोद शिळा झाला तरी नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तिच्या पाठीमागे पलंगावर बाबा होते. पक्षाघाताने सगळं शरीर गेलं होतं. उरली होती उजव्या हाताची तर्जनी आणि डोळ्यांच्या पापण्या. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. त्या एका बोटाखाली एक बटण असायचं, बटणाची वायर कॉम्प्युटरला. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी, आणि त्यांच्यावरून एक पिवळी पट्टी टिक टिक करत सरकायची. हव्या त्या अक्षरावर पट्टी आली की बटण दाबायचं. मग ती काना, वेलांटी, उकार यांच्यावरून सरकायची, तिथे पुन्हा दाबायचं. शब्द पुरा झाला की मशीन तो मोठ्याने म्हणायचं.

आता इतके कष्ट पडत असताना माणूस बोलणार किती? पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ते तारमास्तर होते. उभं आयुष्य लोकांची सुखदुःखं कडकट्ट करत पुढे धाडण्यात गेलेलं. रडत रडत कुणी पानभर मजकूर घेऊन आलं की बाबा शांतपणे म्हणायचे, "क्रियापदं काढा. तिकडच्यांना कळतं सगळं." तीच सवय या मशीनवर कामाला आली. "चहा. साखर. कमी." "उशी. उजवीकडे." हवा, करा, सरकव, असलं काही नाही. वाक्यं पुरी करायचं काम शुद्धीचं. बाबांची क्रियापदं सगळी तिच्याकडे ठेवायला दिलेली असत, आणि ती ती सांभाळून वापरायची.

मागच्या आठवड्यात जुना कॉम्प्युटर जळाला. फुस्स करून धूर निघाला आणि त्या धुराबरोबर बाबांची वाचाही गेली.

दादाने लगेच विषय काढला. एका शुश्रूषागृहात जागा रिकामी झाली होती. दादा माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बहिणीची रात्रंदिवसाची ओढाताण त्याला बघवत नव्हती. "बाबांना आता काही उमगत नाही गं," तो म्हणाला होता. "तू उगाच स्वतःला जाळून घेतेयस."

"पापण्यांनी उत्तरं देतात ते."

"पापण्या तर सगळेच मिटतात."

शेवटी ठरलं ते असं: मंगळवारी संध्याकाळी दादा गाडी घेऊन येणार. तोवर मशीन सुरू झालं आणि बाबा शुद्धीत आहेत हे दिसलं, तर बाबा घरीच राहतील. नाहीतर त्याच गाडीतून जातील. जागा त्यानंतर राहणार नव्हती. शुद्धीचा जीव तेव्हापासून टांगणीला लागलेला. कारण बाबांनी मशीन आल्यावर पहिल्याच महिन्यात एकेक अक्षर गोळा करून तिला सांगितलं होतं, "शेवट. घरी. इथेच." आणि तिने शब्द दिला होता.

तर ते साधं काम. हे बोलणारं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. कुठल्याशा दूरच्या माणसाने लिहून जगाला मोकळं करून दिलेलं, सोर्स कोडसकट. मराठी अक्षरांचा तक्ता त्यात नव्हता, तो शुद्धीनेच बाबांसाठी बनवून त्या माणसाला पाठवला होता. त्याने तो आनंदाने आत घातला, आणि नंतर तो माणूस कुठे गेला कुणास ठाऊक, पुढे काही सुधारणा नाही की पत्राला उत्तर नाही. आता नव्या कॉम्प्युटरवर ते जुनं सॉफ्टवेअर चालेना. म्हणजे शिवलेला सदरा मिळत नव्हता, नुसतं कापड आणि माप मिळत होतं. शिवायचा आपला आपण.

शिवायला यंत्र हवं म्हणून आधी कंपायलर बसवला. मग कंपायलरला लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे, हव्या झाल्या. पहिलीला दुसरी हवी, दुसरीला तिसरी, आणि तिसरीला पुन्हा पहिलीच हवी, पण जुनी. कुणाचं कुणाशी पटेना. दुपार झाली तरी स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस चाललेला, आणि शुद्धीच्या नाकी नऊ आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्या, त्याचं हे फळ असावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मागे वळून ती अधूनमधून बाबांना सांगायची, "होतंय बाबा. होत आलंय." बाबा एकदा पापणी मिटायचे.

आणि मग एकदाच्या लाल ओळी थांबल्या. एकच पिवळी उरली. ती वाचून शुद्धीने आतेभावाला फोन लावला.

"काय म्हणतंय?" तो म्हणाला.

"म्हणतंय, एका फाईलची तारीख चुकलीय. माझा तक्ता आहे ना अक्षरांचा, त्याचीच. परवाची आहे."

"मग असू दे की. परवा केला असशील काही बदल."

"त्या परवाची नव्हे रे. येत्या परवाची. गुरुवारची."

तो हसला. "म्हणजे फाईल अजून सेव्ह व्हायची आहे? मजाच आहे. अगं, घड्याळाचा गोंधळ असतो असला. टच मार तिला."

"काय मार?"

"टच. तशी आज्ञाच आहे. फाईलला नुसता हात लावायचा, आतलं काही बदलायचं नाही. हात लागला की आत्ताची तारीख बसते. मार आणि पुन्हा चालव. मी मीटिंगला चाललो."

तिने हात लावला. तारीख आजची झाली. पुन्हा सगळं चालवलं, कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला, आणि ऐन शेवटाला तीच पिवळी ओळ. तारीख गुरुवारची. तिने पुन्हा हात लावला. मंगळवार. नुसती बघत बसली, पापणी न लववता, आणि तिच्यादेखत मंगळवारचा गुरुवार झाला. आपण इकडून हात लावतोय आणि पलीकडून कुणीतरी लावतंय, असं तिला वाटलं. खोलीत गरम झालेल्या नव्या प्लास्टिकचा वास कोंदला होता. तिने उठून खिडकी किलकिली केली. बाहेर ऊन होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, सगळं नेहमीसारखं होतं.

आतेभावाचा फोन बंद. दादा यायची वेळ होत आलेली. आणि घाईला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नव्हे. शुद्धीने विचार केला, फाईल मागे येत नाही ना, मग घड्याळच पुढे नेऊ. एवढं काय त्यात. उशीर होऊ नये म्हणून घरातलं घड्याळ लोक पुढे करतात की नाही? तिने कॉम्प्युटरचं घड्याळ गुरुवारवर नेऊन ठेवलं आणि पुन्हा चालवलं.

एकही अडथळा आला नाही. ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटी 'पूर्ण' असा शब्द आला. सकाळपासून अडून बसलेलं ते यंत्र असं मुकाट्याने शहाण्यासारखं वागलं, तेव्हाच खरं तर तिने शंका घ्यायला हवी होती. पण आनंदात शंका कोण घेतो? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या बोटाखाली बटण ठेवलं, चादर सारखी केली आणि ती त्यांच्या उशाशी बसली.

"बोला बाबा. कसं वाटतंय?"

पट्टी सरकू लागली. टिक, टिक, टिक. थांबली. पुन्हा सरकली. मशीनचा तो कोरडा, चढउतार नसलेला आवाज आला.

"परवा. निळा कप. तुकडे."

शुद्धीने टेबलाकडे पाहिलं. निळा कप तिथेच होता, सकाळच्या चहाचा, न विसळलेला. परवा काही फुटलं नव्हतं. महिनाभरात काही फुटलं नव्हतं.

"कप आहे की बाबा. हा काय." तिने उचलून दाखवला. "तुम्हाला दुसरंच काही म्हणायचं होतं का?"

बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. डोळे स्क्रीनवर लागलेले, आणि चेहरा असा, की दुसरंच कुणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय.

टिक, टिक, टिक.

"परवा. चूक. माझी."

"कसली चूक?" तिचा आवाज आपोआप खाली आला. "बाबा… तुम्हाला खरंच हे म्हणायचंय?"

पापण्या दोनदा मिटल्या. नाही.

आठवडाभर गप्प पडून राहिल्याने सवय मोडली असेल, बोट थकलं असेल, भलत्याच अक्षरावर पडत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण दुसरी एक भीती मनाच्या कोपऱ्यात येऊन बसलीच. दादाचं खरं असलं तर? बाबांचं भानच सुटत चाललं असलं तर? आणि तेही आज, नेमकं आज? तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दादा घामाघूम होऊन आला. खाली गाडी उभी होती, गाडीत शुश्रूषागृहाचा एक मदतनीस बसला होता. शुद्धीने तोच निळा कप विसळून दादाला त्यात चहा दिला. दुसरे कप सकाळपासून मोरीतच पडले होते. दादाने स्क्रीन बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "जमवलंस तू? पठ्ठे." खुर्ची ओढून तो बाबांजवळ बसला, कप पलंगाच्या कठड्यावर ठेवला.

"बाबा, मी कोण?"

शुद्धीने बोटाकडे पाहिलं. बोट हललं. चांगलं दिसण्याइतकं हललं. पट्टी थांबली नाही. पुन्हा बोट हललं, पट्टी आपली सरकत राहिली.

"बटण सैल असेल," ती घाईने म्हणाली.

दादाने वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "बाबा, बरं ते जाऊ द्या. आज वार कोणता?"

आता पट्टी थांबली. शुद्धीचं लक्ष स्क्रीनवर होतं, बोट तिने बघितलं नाही.

"आज. गुरुवार. माणसं. खूप. खुर्च्या. कमी."

दादाने मान खाली घातली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बाबांच्या हातावर हात ठेवून बसला.

"दादा, कॉम्प्युटरचं घड्याळ मी पुढे केलंय. त्यात गुरुवार दिसतो. तो वाचला असेल त्यांनी."

"आणि माणसं? कोणती माणसं, शुद्धी?" तो अगदी मायेने म्हणाला. "किती सावरून घेशील?" आणि डोळे टिपायला रुमाल काढावा म्हणून तो उठला. कोपर कठड्याला लागलं.

कप फरशीवर पडला. तुकडे पलंगाखालपर्यंत गेले.

"अरे, अरे, सॉरी. तू थांब, पाय कापेल. केरसुणी कुठे, स्वयंपाकघरात ना?" दादा आत गेला.

शुद्धी त्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली. परवा, निळा कप, तुकडे. 'झाले' हे क्रियापद तिने आपल्या पदरचं जोडलं होतं आणि होऊन गेलेलं म्हणून वाचलं होतं. होऊन गेलेलंच होतं ते. फक्त आजचा दिवस ज्याला परवा वाटावा, असा कुणीतरी ते सांगत होता. गुरुवारी बसून. आपल्या भाषेतला हा शब्दच असा, मागेही जातो आणि पुढेही. इथून बघितलं तर गुरुवार परवा, आणि गुरुवारी बसून बघितलं तर आजचा मंगळवार परवा. मशीन गुरुवारवर नेऊन ठेवलं होतं तिनेच, आणि मशीन गुरुवारचं बोलत होतं. म्हणजे बाबांचं भान सुटलं नव्हतं. बाबा दोन दिवस पुढून बोलत होते.

म्हणजे परवा, गुरुवारी, या घरात खूप माणसं. इतकी की खुर्च्या कमी पडाव्यात.

टिक, टिक, टिक.

"पांढरी चादर," मशीन म्हणालं.

घरात पांढरी चादर एकही नव्हती. बाबांना डोळ्यांना त्रास होतो म्हणून तिने सगळ्या रंगीत आणल्या होत्या.

"बाबा…" ती कुजबुजली. "कुणावर?"

टिक, टिक. पट्टी थांबत होती, सरकत होती. "मी," मशीन म्हणालं. मग पुढचा शब्द स्क्रीनवर उमटू लागला. ए. क. ट. आणि पट्टी काना, वेलांटी, उकाराच्या ओळीवरून फिरू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. ती थांबेना. शब्द तसाच अर्धा राहिला.

पुढचा काना लावायला शुद्धीला मशीनची गरज नव्हती. जन्मभर दुसरं केलं काय होतं तिने. मी एकटा. गुरुवारी घरात माणसं येणार, पांढरी चादर येणार, आणि बाबा इथे पलंगावर एकटे पडणार. म्हणजे जाणार होती ती. कशी, ते तिला कळेना. छातीत दुखत नव्हतं, ताप नव्हता. पण कपही मघापर्यंत धडधाकट होता. आणि चूक कोणती तेही तिच्या ध्यानात आलं, बाबा आज इथे राहिले ती चूक. तिने बाबांचा विचार केला. ती खाली कोसळलेली, आणि हाक मारता येत नाही असा माणूस त्याच खोलीत पडलेला, पाण्याविना, औषधाविना, दार कुणी वाजवेपर्यंत. मरणाची भीती तिला नंतर वाटली. आधी ही वाटली.

दादा केरसुणी घेऊन परत आला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणतायत? मला नाही कळत, तुला कळतं." त्याने केरसुणी भिंतीला टेकवली. "हे बघ शुद्धी, भांडायचं नाही असं ठरवून आलोय मी. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, असं तू एकदा म्हण. तू म्हणालीस तर मी मानतो. आल्या पावली परत जातो. सांग."

खोलीत पंख्याचा आवाज आणि ती टिकटिक. बाबा तिच्याकडे बघत होते. आता स्क्रीनकडे नाही, तिच्याकडे.

खरं सांगावं तर दादा तिला डॉक्टरकडे नेणार, समजूत घालणार, रात्र होणार, जागा जाणार. त्याला हे पटवायला महिना लागला असता आणि तिच्याकडे दोन दिवस होते.

"काही अर्थ नाही त्याला," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला मशीनसारखा वाटला. "कुठलंतरी जुनं आठवतंय त्यांना. माणसं आली होती, कप फुटला होता… असंच दुपारपासून चाललंय. त्यांना नाही उमगत, दादा. तुझंच बरोबर. घेऊन जा."

बाबांच्या पापण्या दोनदा मिटल्या. मग पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. दादा मदतनिसाला फोन करायला वळला होता, त्याला ते दिसलं नाही. शुद्धीने रुमालाने बाबांचे डोळे पुसले, जणू त्यात काही गेलं होतं, आणि पुसता पुसता ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "माझं ऐका. तुमच्याचसाठी." त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्याच नाहीत.

मग सगळं भराभर झालं. तिने त्यांची पिशवी भरली. औषधं, चष्मा, रंगीत चादरी. बटण वायरीसकट सोडवून, नीट गुंडाळून तेही पिशवीत घातलं. तिथे एखादा कॉम्प्युटर असेलच. मदतनीस चाकाची खुर्ची घेऊन वर आला. दोघांनी बाबांना उचलून बसवलं, आणि मदतनिसाने सोबत आणलेली चादर उलगडून त्यांच्या गुडघ्यांवर घातली, गळ्यापर्यंत ओढली.

चादर पांढरी होती.

"आमच्याकडे सगळ्या अशाच असतात," तो म्हणाला. शुद्धीच्या काळजात चर्र झालं, पण का ते तिला नीट समजेना. समजेपर्यंत लिफ्टचं दार लागलं होतं. ती खिडकीशी आली. खाली दादाने बाबांना जपून गाडीत बसवलं, वर बघून हात केला. ती गाडी वळणापर्यंत बघत राहिली.

खोलीत वळून आली तेव्हा पलंग रिकामा होता, आणि स्क्रीनवरची पट्टी अजून फिरत होती. मी. एकट. काना, वेलांटी, उकार. काना, वेलांटी, उकार. आता हे बंद करावं म्हणून शुद्धीने हात पुढे केला.

टिक, टिक. टक्.

पट्टी थांबली. बटण नव्हतं, वायर नव्हती. खोलीत ती सोडून कुणी नव्हतं. पट्टी वेलांटीवर थांबली होती, दुसऱ्या, दीर्घ वेलांटीवर, आणि 'ट'ला ती मुकाट्याने जाऊन लागली.

"एकटी," मशीन म्हणालं.

शुद्धीने ते वाचलं. मग पहिल्यापासून वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द, छापायला जाणारं पान वाचावं तसं. परवा. निळा कप. तुकडे. परवा. चूक. माझी. आज. गुरुवार. माणसं. खूप. खुर्च्या. कमी. पांढरी चादर. मी. एकटी. बाबांनी स्वतःबद्दल तसं कधीच म्हटलं नसतं. तसं फक्त एकच माणूस म्हणणार होतं, आणि त्याच माणसाने मघाशी 'घेऊन जा' म्हटलं होतं.

तिने फोन उचलला, दादाचा नंबर लावला. रिंग जात होती. गाडी चालवताना दादा फोन घेत नाही, कधीच नाही, याबद्दल सगळे त्याचं कौतुक करायचे. ती अनवाणीच दाराकडे धावली, कपाचे तुकडे पायाखाली आले, तिला कळलंही नाही. रिंग जात राहिली. तिच्या पाठीमागे रिकाम्या खोलीत पट्टी पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाली, आणि 'प'वर येऊन थांबली.